एका मिनिटात किती जनावरं?

मी खोटं बोलत नाही, वाढवून सांगतो. या दोन्हींत किती फरक आहे, ते ज्याने नांदुरा ते वडनेर भोलजी काळी-पिवळी जीप चोवीस वर्षं हाकली त्यालाच कळेल. नऊ माणसांच्या गाडीत चौदा बसवायची, तर तेराव्याच्या मांडीवर चौदावा टेकेपर्यंत बाकीच्यांचं मन रमवावं लागतं. कोणी गाणी लावतं. मी गोष्टी सांगायचो. माझ्या गोष्टी ऐकायला एक रिटायर गुरुजी रोज वडनेरपर्यंत यायचे आणि न उतरता तसेच परत जायचे.

बघा, झालं सुरू. गुरुजी एकदाच तसे गेले होते, आणि तेव्हा त्यांना डुलकी लागली होती.

पण आजाराचा विषय येईल तिथे एक इंचही वाढवायचं नाही, अशी शपथ मी बायकोसमोर घेतली आहे. वच्छला शेजारीच बसली आहे. जिथे तिला शंका येते तिथे ती माझ्या हातातला पेन काढून घेते. आत्तापर्यंत तीनदा घेतला. तेव्हा ज्यांचं लिव्हर बिघडलंय आणि ज्यांना वाटतं की 'बिघडलंय ते पोटात, डोकं तर ठणठणीत आहे', त्यांनी हे वाचावं. मलाही तसंच वाटत होतं.

प्रश्नचिन्ह

सुरुवात पायांपासून झाली. चप्पल रुतायला लागली, मग पोट डफासारखं ताठ झालं. मी म्हटलं गॅस आहे. सहा महिने मी त्याला गॅसच म्हणत होतो. शेवटी वच्छलाने मला खामगावला नेऊन सोनोग्राफी करवली. तिथले डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "लिव्हर आक्रसलंय. सिरॉसिस आहे. दारू कधीपासून?"

"कधीच नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी टेबलावरून वाकून पाहिलं. आयुष्यात मी हजार थापा मारल्या, एकीपुढेही कोणी प्रश्नचिन्ह काढलं नाही. एक वाक्य शंभर टक्के खरं बोललो, त्यापुढे मात्र निघालं.

वच्छला पुढे सरसावली. "साहेब, यायनं दारू सोडून सगळं पेलं. उसाचा रस, थंडा, अन् चहा तर मोजायचाच नाई. शुगर हाय धा वर्सांची. पन दारू नाई. माह्या पोरीची आन."

मग बाकीच्या तपासण्या झाल्या. शुगर आणि चरबी यांनी मिळून लिव्हर खाल्लं, असं ठरलं. दारू न पिताही हे होतं, हे मी इथे ठासून लिहितो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्याला ते अजून पटलेलं नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, माह्यापाशी तरी खरं सांगा. कोनाले नाई सांगत मी."

त्या दिवशी डॉक्टरला विचारायचं होतं, मी मरणार का. तोंडातून निघालं, "साहेब, इथं पार्किंग कुठं आहे?" आम्ही एसटीने गेलो होतो. परतताना मी खिडकीशी बसलो आणि खामगाव ते नांदुरा एक शब्द बोललो नाही. वच्छलाने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

अजगर

मग अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात माझी वारंवार हजेरी सुरू झाली. पहाटे उठायचं, टोकन घ्यायचं, वजन द्यायचं, एक बाई पोटाला टेप लावून घेर मोजायची. शिंप्याने माझी एवढी मापं कधी घेतली नाहीत. घशातून नळी घालून पोटही पाहिलं. गोळ्यांनी पाय उतरले, पोट उतरलं. मी परत गाडीवर बसलो. माझ्या हिशेबाने आजार संपला होता.

आता इथे अजगर सांगावा लागेल.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट अजगराची. एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन बुलढाण्याच्या घाटाने जाताना रस्त्यात अजगर आडवा पडला होता. पहिल्या वर्षी तो आठ फुटांचा होता. पाचव्या वर्षी तो या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, आणि मी त्याला गतिरोधक समजून गाडी वरून नेली. दहाव्या वर्षी त्याच्यावर कोणीतरी पांढरे पट्टे मारलेले होते. परवापरवापर्यंत त्याच्या पाठीवर एक म्हैस रवंथ करत उभी होती. गोष्ट जिवंत असली की तिला वाढ असते, तशी ती होती.

एका दिवशी वच्छलाची बहीण आणि तिचे नवे जावई घरी आले. जावई म्हणाले, "मामा, ते अजगराचं सांगा ना."

मी म्हणालो, "धामण होती. सहा-साडेसहा फूट. ब्रेक मारला, ती गेली."

सगळे पोट धरून हसले. त्यांना वाटलं, मामाची नवी तऱ्हा. वच्छला मात्र हातात उलथणं तसंच धरून सैपाकखोलीतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. आत तव्यावर भाकर जळत होती.

तिने नंतर मला सांगितलं, "तुमी खरं बोलले, तवाच मी समजली, काईतरी बिघडलं. लोकायचे नवरे खोटं बोलले की बायका भेतात. माहं उलटं."

ती तेव्हापासून माझ्यावर नजर ठेवून होती. मी दुपारी स्टिअरिंगवर डुलायचो आणि रात्री टक्क जागा असायचो. चहात साखर घातली की नाही, ते परत विचारायचो. आणि गोष्टी तर वाढायच्या थांबल्याच होत्या. त्याच त्या, तेवढ्याच्या तेवढ्या. मला यातलं काही कळलं नाही. ज्या डोक्याने ओळखायचं, तेच धुकटलेलं.

गॅसचा ट्रॉला

त्यानंतरची गोष्ट मी कितीतरी दिवस कोणालाच सांगितली नव्हती. आता तुम्हाला सांगतो.

नांदुऱ्याच्या स्टँडवर माझा नंबर लागला. आमच्याकडे गाड्या नंबराने सुटतात. पुढची भरून गेली की मागची लागते. चौदा सवाऱ्या, सगळ्या वडनेरच्या आणि वाटेतल्या. कोण कुठे उतरणार हे मला विचारावं लागत नाही. चेहरा बघितला की पायच ब्रेकवर जातो. अशा चौदा जणांना घेऊन मी निघालो आणि मलकापूरच्या बाजूला वळायचं सोडून मोताळ्याच्या रस्त्याला लागलो. धामणगाव बढ्याच्या बाजाराच्या दिवशी मी त्या रस्त्याने जातो. त्या दिवशी बाजार नव्हता.

मागून एक बाई म्हणाली, "भाऊ, आज इकून काऊन?"

मी बाहेर बघितलं. ते वळण घेतल्याचं मला आठवतच नव्हतं. स्टिअरिंग माझ्याच हातात होतं, गिअर मीच टाकले होते, आणि मधली काही मिनिटं कुठे गेली होती कोणास ठाऊक.

पण तोंड माझ्या डोक्याची वाट बघत नाही. ते त्याच क्षणी म्हणालं, "पुढं गॅसचा ट्रॉला उलटला ना बाई! पोलिसायनं रस्ता बंद केला. मी म्हटलं, फेऱ्यानं जाऊ, पन जिवंत जाऊ."

"बरं झालं बाप्पा, तुमाले माईत होतं!" चौदाच्या चौदा जणांनी हुश्श केलं. एकाने मला पान दिलं. आणखी तीन-चार किलोमीटरवर मी फोन आल्याचं सोंग केलं, रस्ता मोकळा झाल्याचं जाहीर केलं आणि गाडी फिरवली. संध्याकाळपर्यंत तो ट्रॉला अख्ख्या नांदुऱ्यात गळत होता. काही जणांनी म्हणे चुली पेटवल्या नाहीत.

गप्पाड्या माणसाचा हा आजार लवकर सापडत नाही, तो असा. साधा माणूस चुकला की गप्प बसतो, गोंधळतो, घरचे ओळखतात. माझ्याकडे प्रत्येक चुकीवर टाकायला गोष्ट तयार होती. चुकलो मी, आणि लोकांनी मला शाबासकी दिली.

त्या दिवशी मी कोणाला काही बोललो नाही. गाडी लावली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

आठ

पुढच्या तारखेला अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे? विसरायला वगैरे होतं का?"

"एकदम फस्क्लास!"

वच्छला म्हणाली, "मॅडम, हे खरं बोलून राह्यले."

"म्हणजे? चांगलंच आहे की."

"नाई हो मॅडम. चोवीस वर्सांत पयल्यांदा. मले भेव वाटून राह्यलं." मग तिने अजगराचं सांगितलं. आणि गॅसचा ट्रॉलाही काढला. वच्छलाने सगळीकडे चौकशी केली होती. असा ट्रॉला कुठे उलटलाच नव्हता.

मला वाटलं मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. पोटात रोज विष तयार होतं, ते लिव्हर गाळतं. गाळणी फुटली की ते रक्तातून डोक्यात जातं. फार गेलं तर माणूस बरळतो, बेशुद्ध होतो, ते सगळ्यांना दिसतं. पण थोडंथोडं जात असलं तर दिसत नाही. बोलणं बरोबर, चालणं बरोबर, हिशेब बरोबर. फक्त लक्ष आणि चपळाई कमी होते. वरून बघून ते डॉक्टरलाही कळत नाही, म्हणून परीक्षा घ्यावी लागते.

"सोपी आहे," त्या म्हणाल्या आणि मोबाईलवर घड्याळ लावलं. "एका मिनिटात जितकी सुचतील तितकी जनावरं सांगा."

मी वच्छलाकडे बघून मिशीवर ताव दिला. जनावरं! मला! माझ्या गाडीच्या टपावरून बकऱ्या गेल्या आहेत, कोंबड्या गेल्या आहेत, एकदा एक गाढवाचं पिल्लू नवरदेवाच्या मांडीवर बसून गेलं आहे. (पेन काढून घेतला. बरं, मांडीवर नाही, पायाशी.)

"बैल!" मी सुरू झालो. "गाय, गोऱ्हा, कालवड, वासरू, म्हैस, रेडा, वगार, कुत्रा, घोडा, गाढव, वाघ…"

आणि गाडी बंद पडली.

मला बकरी दिसत होती, हे मी शपथेवर सांगतो. तिची दाढी दिसत होती, तिच्या गळ्यातला दोरा दिसत होता, ती माझ्याकडे बघून पाला चघळत होती. तिचं नाव येत नव्हतं. मी मनात तिला कानाला धरून ओढलं, तरी येईना. वच्छलाने पदर तोंडात धरला. मग "साप" आलं, आणि बऱ्याच वेळाने "माकड". मिनिट संपलं.

"आठ," मॅडम म्हणाल्या.

"आठ? मॅडम, नीट मोजा! निस्ते ढोरंच आठ झाले माहे!"

"गाय, बैल, गोऱ्हा, कालवड, वासरू हे एकाच घरातले. ते मी एक धरते. म्हैस, रेडा, वगार हे दुसरं घर."

"अशानं तर गावात दोनच मानसं निंगतील!"

मग त्यांनी एक कागद दिला. त्यावर एकपासून पंचवीसपर्यंत आकडे विखुरलेले, ते क्रमाने रेषेने जोडायचे. चोवीस वर्षं नंबराने गाडी लावणारा माणूस मी. बाराच्या पुढे एकवीसवर गेलो. परत आलो. तेरा माझ्या अंगठ्याखाली होता, तो मी कागदभर शोधला.

"गाडी बंद करायची," त्या म्हणाल्या. "तीन महिने औषध घ्या. मग परत बघू."

"मॅडम, पाय घ्या, हात घ्या. स्टिअरिंग राहू द्या."

"तुमच्या मागे चौदा जण बसलेले असतात," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी बाहेर येऊन असा ओरडलो की टोकनच्या खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. मला बह्याड ठरवलं! वेडा! बकरीच्या नावावरून! मी म्हणालो, या दवाखान्याची पायरी परत चढणार नाही. वच्छला औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. ओरडून झाल्यावर मीही तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. दुसरं करणार काय?

जर्मनीचा गिअरबॉक्स

माझी जीप घरासमोर ताडपत्रीखाली गेली. स्टँडवर कारण काय सांगायचं? लिव्हर म्हटलं की लोक बाटली बघतात. डोकं म्हटलं तर काय बघतील? मी सलीमला सांगितलं की गिअरबॉक्स गेला. सलीम माझा जोडीदार. माझ्या मागचा नंबर वर्षानुवर्षं त्याचाच.

"मिल जाएगा, भाई," तो म्हणाला.

"इथं नाई भेटत बे. जर्मनीहून येनार हाय."

आठवड्याने मी त्याला सांगितलं की गिअरबॉक्स जहाजात चढला. पंधरा दिवसांनी जहाज वादळात सापडलं. सलीम रोज मान हलवायचा आणि विचारायचा, "आज कहाँ तक आया?" फार नंतर मला कळलं, की मी चोरून गाडी काढू नये म्हणून वच्छलाने पहिल्याच दिवशी माझ्या जीपची बॅटरी काढून सलीमकडे ठेवायला दिली होती. तो माझं जहाज ऐकत होता तेव्हा बॅटरी त्याच्या सीटखाली होती. चोवीस वर्षांत मला असा श्रोता भेटला नाही.

आता औषधाचं. एक गोड, चिकट पातळ औषध असतं. त्याने दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ झालंच पाहिजे. विष बाहेर जायची तीच वाट. शरमेची गोष्ट नाही, म्हणून लिहितो. पण तेव्हा मला शरम वाटली. गप्पा रंगात आल्या की उठून पळायचं, आणि मागून कोणीतरी म्हणायचं, "प्रल्हादभाऊचा गिअर पडला!" मी कोणाला न सांगता डोस निम्मा केला.

आणि परीक्षा? तिचा बंदोबस्त मी माझ्या पद्धतीने केला. जनावरं पाठ केली. नांदुरा ते वडनेर वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक पुलावर, प्रत्येक धाब्यावर मी एकेक जनावर बांधलं. पेट्रोलपंपावर उंट. पुलाखाली मगर. शाळेच्या फाटकात हत्ती. डोळे मिटायचे, गाडी सोडायची, थांबा आला की नाव घ्यायचं. बत्तीस जनावरं. वच्छला मोबाईल घेऊन वेळ लावायची. ती काही बोलत नव्हती. मला वाटलं, खूश आहे.

मी नाई बसनार

तीन महिन्यांनी मॅडमनी घड्याळ लावलं आणि मी जनावरांची जत्रा सोडली. उंट, हत्ती, मगर, तरस, कोल्हा, साळिंदर… मिनिट संपायच्या आत बत्तीस. मॅडमचं पेन थांबलं.

"अरे वा! छानच." त्या कागदावर काहीतरी लिहू लागल्या. तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं. "पाच मिनिटं बसा, आकड्यांचा कागद झाला की गाडीचं बोलू."

त्या गेल्या. मी वच्छलाला म्हणालो, "पाह्यलं का? सांग सलीमले, जहाज लागलं किनाऱ्याले."

वच्छला भिंतीवरच्या लिव्हरच्या चित्राकडे बघत होती. ती म्हणाली, "मी मॅडमले नाई सांगनार."

"मंग झालं तर!"

"तुमी गाडी चालवा. लोकं बसतीन. त्यायले काय माईत?" ती माझ्याकडे वळली. "पन मी नाई बसनार. अन् आपली पोर माहेराले आली, तर तिले अन् तिच्या लेकराले मी एसटीनं आनीन."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. भांडणात मी कधी हरलेलो नाही. हे म्हणजे तिने साधा रस्त्याचा हिशेब सांगितला होता. ज्या गाडीत मी माझं नातवंड बसवू शकत नाही, त्या गाडीत मी दुसऱ्यांची चौदा माणसं घालायला निघालो होतो.

मॅडम परत आल्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. "मॅडम, पाठ केलं."

"काय?"

"जनावरं. सगळी. अन् औषध निम्मंच घेतलं."

मला वाटलं, त्या मला हाकलतील. त्या म्हणाल्या, "बसा. पाठ करणारे तुम्ही पहिले नाहीत. सांगणारे बहुतेक पहिलेच." मग त्यांनी नवा कागद काढला, आकडे नव्या जागी. मोबाईलवर रंगांचा खेळ दिला: 'लाल' असं लिहिलेलं निळ्या शाईत, आणि बोटाने दाबायचा तो शाईचा रंग. बोट चालेना. जीभ एक म्हणे, डोळा दुसरं. मी मागच्यापेक्षा थोडा बरा होतो. गाडी चालवण्याइतका नव्हतो.

खोलीबाहेर येऊन या वेळी मी ओरडलो नाही. मला पहिल्यांदाच त्या आजाराचा राग आला. आजवर मी मॅडमवर चिडत होतो, औषधावर चिडत होतो, बकरीवर चिडत होतो. खरा चोर डोक्यात बसून माझे शब्द पळवत होता, आणि मी त्याला लपवायला मदत करत होतो. माझ्या गोष्टी चोरतोस? लेका, थांब तू.

हल्ला

मी औषध पूर्ण सुरू केलं, आणि लाज सोडली. स्टँडवर गप्पांमधून उठताना मी स्वतःच घोषणा करायचो, "डोक्यातला कचरा टाकून येतो!" चार दिवस लोक हसले. पाचव्या दिवशी हसायला त्यांना नवं काही उरलं नाही. काही महिने मी स्टँडमागचं प्रत्येक झुडूप नावाने ओळखत होतो.

गावात सल्ले देणारे होतेच. एक म्हणाला डाळ बंद करा, एक म्हणाला उपास करा, एकाने कुठल्या पाल्याचा रस आणला. मॅडमनी ठणकावून सांगितलं होतं: उपाशी राहायचं नाही, डाळ खायची, झोपायच्या आधी थोडं खायचं, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. पाल्याचा रस वच्छलाने आणणाऱ्यालाच पाजला. (पेन घेतला नाही. हे खरं आहे.)

भीती गेली नाही. कोणी एखादं नाव विचारलं आणि ते जिभेवर यायला क्षणभर वेळ लागला, तर अजूनही मी दचकतो. म्हातारपणाने लागला की त्या चोराने? वच्छलाही दचकते, मला दिसतं. आम्ही दोघं मग काहीच झालं नाही असं दाखवतो. आजारी माणसाच्या घरात अशी नाटकं रोज होतात.

पण रात्रीची झोप परत जागेवर आली. एकदा मी वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि वाचलेलं सगळं कळलंही. पुढच्या परीक्षेत मी पाठ न करता जनावरांची पंधरा घरं सांगितली. आकडे रेषेने जोडताना पेन कुठे अडला नाही. मॅडम म्हणाल्या, अजून एकदा बघू. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच झालं, तेव्हा त्यांनी परवानगी लिहून दिली. फक्त दिवसा. फक्त जवळचं. ठरलेल्या तारखेला परीक्षा चुकवायची नाही. ज्या दिवशी पोट साफ नाही किंवा झोप उलटी झाली, त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. मी विचारलं, "आजार गेला?" त्या म्हणाल्या, "नाही. ताब्यात आहे."

ठीक आहे. राहू दे त्याला. भाडेकरू म्हणून राहायचं, घरमालक म्हणून नाही.

नंबर

सलीमने बॅटरी आणून बसवली. मी नंबर लावला. सलीम कानाशी येऊन म्हणाला, "भाई, चुप बैठ. किसीको कुछ बोलना मत. सवारी भागती है."

त्याचं बरोबर होतं. माझ्या खिशात डॉक्टरचा कागद होता. गप्प बसून गाडी काढली असती तर कोणी अडवलं नसतं. पण गप्प बसून मी एकदा चौदा माणसं मोताळ्याच्या रस्त्याला नेली होती. गाडी भरली, तसा मी पायदानावर उभा राहिलो.

"आयका हो! गिअरबॉक्स गेला नव्हता. माहं लिव्हर खराब हाय, अन् त्याच्यानं डोक्यावर परिनाम झाला होता. रस्ता चुकलो होतो मी. तो गॅसचा ट्रॉला खोटा होता. आता तपासलं हाय, डॉक्टरनं लिहून देल्लं हाय, हा कागद पाहा. ज्याले बसायचं थो बसा, ज्याले उतरायचं थो उतरा. मले राग नाई."

चहाच्या टपरीवर दूध उतू गेलं, तरी चहावाला माझ्याकडेच बघत होता. मग एक जण उतरला. त्याच्यामागे दोघं. मग एक अख्खं कुटुंब, पिशव्यांसकट, मान खाली घालून. सगळे सलीमच्या गाडीकडे गेले. सलीमने कपाळाला हात लावला. मी पायदानावरच उभा होतो. कागद हातात होता, तो आता कुठे ठेवावा ते कळेना.

मागच्या सीटवर एक बाई उरली होती. वडनेरच्या बाजारात भाजी विकणारी असावी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पायांशी मेथीच्या जुड्यांनी भरलेलं, पाणी शिंपडलेलं गोणपाटाचं चुंगडं होतं.

"झालं का भाषन?" तिने विचारलं.

"झालं, बाई. तुमी आयकलं ना? डोक्याचा—"

"आयकलं. आता रस्ता माईत हाय का नाई?"

"हाय."

"मंग चाल ना बाप्पा! उन्हं चढून राह्यले. माही मेथी सुकून राह्यली."

मी आत बसलो, पहिला गिअर टाकला आणि मलकापूरच्या बाजूला वळलो. वडनेरला तिचं चुंगडं उतरवून दिलं, तेव्हा जुड्यांवरचं पाणी माझ्या हाताला लागलं.